दहा किलोंची झोळी

कोकणातल्या एका गावातून काका आठवडा बाजाराला निघाले होते. खांद्यावर 10 किलोंच्या वर ओझं पेलणार नव्हतं. पडवीत बंद डबे मांडले होते: काजूगर 6 किलो, 4800 रुपयांचे, तूप 5 किलो, 3500, मध 5 किलो, 3000, आमसुलं 3 किलो, 1200. डबा फोडायचा नाही, नेला तर अख्खा.

किलोमागं सगळ्यात जास्त भाव काजूला, म्हणून काकांनी तो आधी उचलला. उरलेल्या जागेत आमसुलं बसली. झाले 6000.

पुतणी म्हणाली, "थांबा काका." तिनं खडूनं जमिनीवर तक्ता आखला. आडवी 1 ते 10 किलोंची घरं, खाली एकेका मालाची ओळ. प्रत्येक घरात एकच गोष्ट लिहायची: इथवरच्या मालातून एवढ्या वजनात जास्तीत जास्त किती पैसे?

काजूच्या ओळीत 6 पासून पुढं 4800. तुपाच्या ओळीत 5 च्या घरात 3500, पुढं 4800 च.

"झोळी दहाची, मग पाचाचा हिशेब कशाला गं?"

"लहान जागेचं उत्तरही नीट काढून जपून ठेवावं, काका. मोठ्या जागेला तेच कामी येतं."

मधाच्या ओळीत ती शेवटच्या घरापाशी आली. मध सोडला तर वरचेच 4800. घेतला तर त्याचे 3000, आणि जागा उरते 5 किलोंची. तिचं उत्तर वरच्या ओळीत तयारच होतं, 3500. मिळून 6500! आमसुलांनी त्यात काही भर पडली नाही. काजूगर घरी राहिले, तूप-मध झोळीत गेले.

रिचर्ड बेलमन या अमेरिकी गणितज्ञानं 1950 च्या दशकात याच रीतीला डायनॅमिक प्रोग्रॅमिंग हे नाव दिलं. एकदा सोडवलेलं पुन्हा सोडवायचं नाही, यातच तिची सारी ताकद आहे आणि मला ती फार सुंदर वाटते.

काका म्हणाले, "चारच डबे. सगळ्या निवडी करून पाहिल्या असत्या तरी भागलं असतं."

"हो, त्या 16 च होतात. पण डबे 20 झाले तर 10,48,576 होतील. तक्त्यात मात्र 200 च घरं. फक्त वजनं पुऱ्या किलोंत हवीत. ग्रॅमवर गेलात तर घरं हजारपट वाढतील."