देशाटन आणि देशज्ञान

रोम, अथेन्स, कैरो हीं नगरें पाहून आलेला मनुष्य बहुश्रुत, असें आपण सहज मानतों. परंतु पाहणें म्हणजे काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वऱ्हाडांतील बुलढाणा जिल्ह्यांत साखरखेर्डा नांवाचें गांव आहे. तेथें १७२४ च्या ऑक्टोबरांत निजाम-उल्-मुल्कानें मराठ्यांच्या साह्यानें मुबारिझखानाचा पराभव केला. खान रणांत पडला, आणि १९४८ पर्यंत टिकलेल्या हैदराबादच्या राज्याचा पाया घातला गेला. निजामानें विजयाप्रीत्यर्थ ठेविलेलें फत्तेखेर्डा हें नांव मागें पडलें. लोकांच्या तोंडचें टिकलें. वॉटर्लूचें मैदान हौसेनें पाहणारे आमचे किती सुशिक्षित या गांवीं थांबले असतील?

कोणी म्हणेल, तेथें पाहण्यासारखें आहे काय? पण वॉटर्लूसही स्मारकाची टेकडी वगळतां शेतेंच आहेत. त्यांस अर्थ येतो तो पाहणाराच्या ज्ञानानें. म्हणून परदेशगमन व्यर्थ, असें आम्ही म्हणत नाहीं. तुलनेवांचून स्वतःचेंही नीट कळत नाहीं. मात्र ज्यास घरच्या मातीची ओळख नाहीं, त्याजवळ तुलनेस एकच बाजू असते. दूरच्या प्रवासास निघण्यापूर्वीं हा हिशेब ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा.