वडील औषध नाकारतात तेव्हा

म्हातारपणी स्मृती गेलेले वडील औषधाचा हात झिडकारतात. मग पुत्राने काय करावे? बळेच पाजले तर आज्ञाभंग, सोडून दिले तर हेळसांड! कीर्तन आटोपल्यावर हा प्रश्न पुष्कळ मंडळी विचारतात.

गीतेतला स्मृतिभ्रंश क्रोधमोहातून उपजतो. हा तसा नव्हे, हा मेंदूचा रोग. १९०६ साली जर्मनीत डॉ. अल्झायमर यांनी त्याचा एक प्रकार मांडला. तेव्हा ‘पूर्वकर्म’, ‘हट्ट’ असले शब्द घरात नकोत.

नैयायिक म्हणतात, हे माझ्या हिताचे साधन आहे असे कळले म्हणजे मनुष्य प्रवृत्त होतो. इथे गोळी ही गोळी आहे हेच कळत नाही, आणि देणारा हातही परका वाटतो. अशा नकाराला आज्ञा कसे म्हणावे? ते भय आहे. पण शुद्ध असताना ‘मला शस्त्रक्रिया नको’ असे ते विचारपूर्वक बोलले असतील, तर ती मात्र आज्ञाच; डॉक्टरांच्या कानी घालावी.

भयाशी वाद घालू नये. पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर थांबविले. आपल्याला गोळी अर्धा तास थांबवता येऊ नये? वाटी खाली ठेवा, एखादा अभंग म्हणा, मग पुन्हा द्या. दात दुखतो का, घशाखाली उतरते का, तेही पाहा.

शिऱ्यात कुटून द्यावी का? डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, काही गोळ्या कुटायच्या नसतात. त्यांनी सांगितले आणि घरच्यांनीही मानले, तर मी त्याला कपट म्हणणार नाही. मात्र आपल्याला रात्री स्वस्थ झोप लागावी एवढ्यासाठी त्यांना गुंगीचे औषध चारणे, हे कपटच होय, माउली.