पाठीवरचं पाणी

सॅक अजून उचलू नका. आतकरवाडीला, सिंहगडाच्या पायथ्याशी, ती जमिनीवर उभी करून तिच्याकडे क्षणभर पाहा. आत पाण्याच्या बाटल्या आहेत. लिटरला किलो, म्हणजे वजनकाट्याचीही गरज नाही. तुमचं वजन साठ किलो असेल तर पहिल्यांदा सहा लिटर पुष्कळ झाले. पाठीचं किंवा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. खाली जुने कपडे कोंबलेत ना? बाटल्या त्यांच्यावर, पाठीला अगदी लागून हव्यात. वजन पाठीपासून लांब गेलं की ते माणसाला मागे ओढत राहतं.

आता उचला. आधी कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळा, मग खांद्याचे पट्टे. पट्टा नीट बसला की खांद्यांवरचा भार खाली उतरतो आणि कंबर तो घेते. हा बदल जाणवेपर्यंत जागच्या जागी उभे राहा. मान मोकळी सोडा. अजून उजाडलेलं नाही, आणि तुम्हाला कुठेही वेळेत पोचायचं नाही.

चला. पावलं छोटी ठेवा.

पुण्यातले अनेक गिर्यारोहक हिमालयात जाण्याआधी अशीच भरलेली सॅक घेऊन ही वाट पुन्हा पुन्हा चढतात. त्यांच्यापुढे शिखर असतं. तुमच्यापुढे नसलं तरी चालेल. ही चाल कशाची तरी तयारीच असली पाहिजे असं मला वाटत नाही. वजन घेऊन चालण्यात स्वतःचं असं एक सुख आहे, आणि ते वेगात सापडत नाही. रिकाम्या पाठीने चढताना मन केव्हाच वर, गडाच्या पुणे दरवाजाशी पोचलेलं असतं. ओझं त्याला पुन्हा पायांपाशी आणतं. हा दगड हलतोय का, पाऊल पूर्ण टेकलं का, एवढंच त्याला पुरतं.

श्वासाकडे पाहा. शेजारच्या माणसाशी एक अख्खं वाक्य न तुटता बोलता येतंय? येत असेल तर वेग बरोबर आहे. वाक्य मधेच तुटलं, तर हळू व्हा. कमरेत वाकू नका. घोट्यांपासून सगळं शरीर किंचित पुढे झुकू द्या. मांड्या तापतील, पोटऱ्या ताणल्या जातील. साध्या चालण्याने हृदयाला जे काम पडत नाही ते इथे पडतं, आणि तेही न धावता.

आता थांबा. दमण्याच्या आधी थांबा.

थांबणं नेपाळच्या भारवाहकांकडून शिकावं असं मी म्हणेन. नामचे बाजारच्या वाटेवर ते कपाळावरच्या नाम्लो नावाच्या पट्ट्याने ओझं पेलतात. संशोधकांनी तिथे त्यांचं ओझं मोजलं आणि २००५ मध्ये ते आकडे प्रसिद्ध केले: पुरुषांच्या पाठीवर सरासरी स्वतःच्या वजनाच्या नऊ दशांशाहून जास्त भार होता. हे त्यांना कसं जमतं? ते अतिशय हळू चालतात आणि पुन्हा पुन्हा थांबतात. जवळच्या आखूड काठीवर ओझं टेकवून उभ्या उभ्या दम घेतात, ओझं न उतरवता. त्यांच्या चालीत विसावा आधीपासूनच धरलेला असतो. तोच इथे घ्या. कातळाला सॅक टेकवा, खांदे सैल करा, चार सावकाश श्वास घ्या.

एखादी मावशी ताकाचं सामान घेऊन बाजूने वर जाईल. वाट सोडा. तुमचं ओझं तुम्ही निवडलंय, वाटेल तेव्हा खाली ठेवू शकता. तिचं ओझं वर पोचलं तरच तिचा दिवस उभा राहतो. हा फरक मनात असू द्या. त्याने चालण्यातला आनंद कमी होत नाही, पण त्यातली फुशारकी गळून पडते. नेदरलँड्समध्ये १९०९ साली सुरू झालेल्या चार दिवसांच्या पदयात्रेत सैनिक दहा किलो पाठीवर घेऊन रोज चाळीस किलोमीटर चालतात, आणि त्यांच्या बरोबरीने हजारो साधी माणसंही निव्वळ हौसेने चालतात. हौसेने असं चालणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

पुढची चढण मोठी आहे. पायथ्यापासून गड सुमारे सहाशे मीटर उंच. वर पाहू नका असं मी सांगणार नाही. खुशाल पाहा, आणि मग नजर परत पुढच्या दोन दगडांवर आणा.

दरवाजातून आत आलात की सॅक उतरवा आणि लगेच बसू नका. चार पावलं रिकामे चाला. शरीर वर उचललं जातंय असं वाटेल, कारण पाठ अजून ओझ्याच्याच हिशोबाने जोर लावतेय. ही जाणीव काही क्षणच टिकते. ती पूर्ण घ्या.

मग हवं तेवढं पाणी प्या आणि उरलेलं झाडांच्या बुंध्यांशी ओता. चढताना जे वजन मांड्यांनी उचललं, ते उतरताना दर पावलाला गुडघ्यांवर आदळतं, म्हणून जाणती माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन उतरतात. पुढच्या खेपेला एक लिटर वाढवायचा का, ते आज ठरवू नका. दोन दिवस जाऊ द्या, पाय काय म्हणतात ते ऐका, मग बाटल्या भरा.