न ओघळणारी गळती

आमच्या बिल्डिंगीत माझ्याविषयी फार चांगलं मत आहे. "काका कधी कुणाला उलट बोलत नाहीत," असं लोक म्हणतात. मलाही हे मत मान्य आहे. आमच्या हिला ते मान्य नाही, पण तिचं मत अजून बिल्डिंगभर झालेलं नाही. परवा मात्र डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात पाइपचा गॅस आला आणि त्याच्याबरोबर एक जुनी आठवण आली.

गॅस जोडायला आलेल्या पोरानं पाइपच्या सांध्यांवर साबणाचा फेस फासला आणि तो नुसता बघत बसला.

"काय बघतोस रे?"

"बुडबुडा येतो का ते, काका."

आणि मला एकदम कल्याणचे मिस्त्री दिसले.

साल 1983. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापड रंगवायचा एक कारखाना. तिथं नवा बॉयलर आला होता आणि त्याच्या बर्नरला तेलाची लाइन टाकायची होती. मी नुकताच डिप्लोमा होऊन सुपरवायझर झालो होतो. म्हणजे मिस्त्री पाइपाला आटे पाडत असताना शेजारी उभं राहून चहा प्यायचा. लाइट डिझेल ऑइलची टाकी जमिनीत आणि बर्नरचा पंप वर. पंपानं तेल ओढून घ्यायचं, अशी सोय. मी आट्यांना टेफ्लॉन टेप सुचवली, तर मिस्त्री म्हणाले, "टेपचा तुकडा सुटला की नॉझलात जाऊन बसतो, साहेब." नॉझलचं भोक किती बारीक असतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं, ते त्यांनी सुईनं साफ केलेलं होतं.

काम संपल्यावर ते म्हणाले, "अर्धा दिवस द्या. दोन्ही तोंडं बंद करून हवा भरतो आणि फेस लावून बघतो."

सकाळी वाफ देण्याचा शब्द मी मालकांना देऊन बसलो होतो. म्हटलं, "कशाला? थेंब तरी ओघळतोय का कुठं?"

"ही ओढणारी लाइन आहे, साहेब. ही ओघळत नाही. ही हवा पिते."

मी हसलो. हसण्याइतपत माझं शिक्षण झालेलं होतं.

मिस्त्रींचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. तेल ढकलणाऱ्या लाइनीत आतला दाब जास्त, म्हणून फट पडली की तेल बाहेर येतं. फरशी डागाळते, वास सुटतो, चारचौघांत बोभाटा होतो. ओढणाऱ्या लाइनीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी. पाऱ्याचा 760 मिलिमीटरचा स्तंभ तोलून धरणारी बाहेरची हवा फटीतून आत घुसते. फरशी कोरडी ठणठणीत! पण तेलात बुडबुडे जातात आणि ज्योत अडखळते. फोटोसेलला ज्योत दिसली नाही की बर्नर बंद होतो. तो व्हायलाच हवा. नाहीतर न जळलेलं तेल भट्टीत साचून एकदम भडकायचं.

रात्रपाळीला बर्नर तीनदा विझला. हौदातल्या कापडावर ढगांसारखे डाग पडले. सकाळी मालकांनी मिस्त्रींना फैलावर घेतलं. "लाइन तपासली नव्हती?" मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी छताच्या पत्र्याचं बारकाईनं निरीक्षण करत होतो. मी खोटं बोललो नाही. मी बोललोच नाही. त्यांची दोन दिवसांची मजुरी कापली गेली.

मग हवा भरली, फेस लावला. एका युनियनवर साबुदाण्याएवढा बुडबुडा आला. पान्याचा अर्धा फेरा, काम संपलं. पिशवी भरता भरता मिस्त्री एवढंच म्हणाले, "ओघळ नव्हता हं, साहेब." ते पाइपाविषयी बोलत होते की माझ्याविषयी, हे मी विचारलं नाही.

पगार झाल्यावर मी दोन दिवसांची मजुरी घेऊन कल्याणला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला, पैसे परत केले. "पैसे कुठं मागितले होते, साहेब?"

लहानपणी आईनं खोटं बोलू नये म्हणून शिकवलं. गप्प बसू नये, असं मात्र कुणीच शिकवलं नाही. उलट गप्प बसलं की खाऊ मिळायचा. थापाड्या माणूस निदान ओघळतो, लोक फडकं घेऊन धावतात. गॅसला स्वतःचा वास नसतो, म्हणून त्यात मुद्दाम मर्कॅप्टनची दुर्गंधी मिसळतात. देवानं माणसाच्या मौनात अशी काही सोय केली असती, तर बरं झालं असतं. मला आता वाटतं, आपल्या गप्प बसण्याची किंमत दुसरा मोजत असेल, तर ते खोटंच. फक्त न ओघळणारं. आणि ते आतून दाब आल्याशिवाय दिसत नाही. सकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये दाब भरपूर असतो, पण तो बाहेरून!

"काही नाही काका, ओके आहे," पोरगा फेस पुसत म्हणाला.

तो गेल्यावर मी हिला सगळं सांगितलं. लग्नानंतर पहिल्यांदाच. ती चहाचं आधण ठेवता ठेवता थांबली.

"म्हणजे चूक तुमची होती?"

"हो."

"आणि एवढा बुडबुडा यायला चाळीस वर्षं लागली?"

मी काही बोललो नाही. मग आठवलं, आणि म्हणालो, "हो, लागली."

आता हे बिल्डिंगभर व्हायला मात्र वेळ लागणार नाही.