पंधराव्या क्रमांकाचा फॉरवर्ड

6.8 गुण, 4.4 रिबाउंड, 1.9 असिस्ट. यानिस अँटेटोकुंपोच्या एनबीएमधल्या पहिल्या मोसमाची, 2013-14 ची, ही दर सामन्याची सरासरी. त्या मोसमात त्याने एकाही सामन्यात वीस गुण केले नाहीत. त्याच्या संघाने, मिलवॉकी बक्सने, 82 पैकी 15 सामने जिंकले; क्लबच्या इतिहासातला तो सर्वांत वाईट मोसम ठरला. पुढे 2021 च्या जुलैमध्ये याच क्लबने तब्बल पन्नास वर्षांनी विजेतेपद मिळवलं, तेव्हा फिनिक्सविरुद्धच्या निर्णायक सामन्यात याच खेळाडूने 50 गुण केले.

या दोन टोकांमध्ये सरळ रेघ ओढली जाते, आणि मला ती खोटी वाटते. विजेतेपदानंतर मागे पाहणाऱ्याला पहिल्या मोसमात सगळंच दिसू लागतं: लांब हात, तीन-चार पावलांत अर्धं मैदान ओलांडणं, मागून धावत येऊन अडवलेला फटका. ते सगळं होतंच. पण लांब हातांचे आणि लांब पावलांचे कितीतरी तरुण दरवर्षी ड्राफ्टमध्ये येतात आणि निघूनही जातात. पहिल्या मोसमात खेळाडूचं भविष्य वाचता येतं, हे आपण फार सहज धरून चालतो.

त्या मोसमातली एक आकडेवारी मला सर्वांत बोलकी वाटते. यानिसने 118 थ्री पॉइंटर टाकले, त्यातले 41 गेले. म्हणजे जवळजवळ 35 टक्के. एकोणीस वर्षांच्या, ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून थेट आलेल्या पोराला हे वाईट नाही. केवळ आकड्यांवरून भाकीत करणाऱ्याने काय म्हटलं असतं? हा उंच नेमबाज आहे, कोपऱ्यात उभा राहील, संरक्षणात उपयोगी पडेल, चांगल्या संघात सातवा-आठवा खेळाडू होईल. दुसऱ्या मोसमात त्याने फक्त 44 थ्री टाकले आणि त्यातले सात गेले. नवे प्रशिक्षक जेसन किड यांनी त्याला लांबून टाकणं बंद करून बास्केटकडे घुसायला लावलं होतं. सरासरी 12.7 गुणांवर गेली, त्यापुढच्या वर्षी 16.9, मग 22.9. पहिल्या मोसमात जे बलस्थान भासलं होतं, तोच त्याच्या खेळातला सर्वांत कच्चा भाग निघाला. ज्या कामासाठी तो पुढे ओळखला गेला, चेंडू स्वतः पुढे नेणं आणि बचावपटूंच्या गर्दीतून बास्केटपर्यंत पोचणं, ते काम पहिल्या मोसमात त्याच्याकडे फारसं दिलंच गेलं नव्हतं.

पहिल्या मोसमाचे आकडे बहुतेक वेळा खेळाडूपेक्षा क्लबबद्दल जास्त सांगतात. क्लबने त्याच्याकडून काय मागितलं, त्याला कुठे उभं केलं, चुकल्यावर पुन्हा मैदानात पाठवलं की बाकावर बसवलं, याचा तो हिशेब असतो. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित मायकेल कार्टर-विल्यम्स घ्या. पदार्पणातच त्याने आदल्या वर्षीच्या विजेत्या मायामीविरुद्ध 22 गुण, 12 असिस्ट आणि नऊ स्टील्स केले. मोसमाअखेर गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत तो नवोदितांमध्ये पहिला होता. फिलाडेल्फियाने त्याच्या हाती सगळा खेळ सोपवला होता, आणि संघही हरण्याच्या तयारीनेच उतरलेला होता. जिंकले 19 सामने. पण त्याचा लांबचा फटका कच्चा होता आणि तो तसाच राहिला. शिवाय तो यानिसपेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. दोघांचंही ते पहिलंच वर्ष म्हणून त्यांना एका तक्त्यात बसवलं गेलं. एकाची वाढ बरीचशी झालेली होती. दुसऱ्याची उंचीसुद्धा त्या मोसमात वाढत होती.

आणि तो दुसरा काय ओझं घेऊन आला होता, हे कोणत्याच तक्त्यात बसत नाही. आईवडील लागोसहून अथेन्सला आलेले. मुलगा तिथेच जन्मला, पण ड्राफ्टच्या जेमतेम दोन महिने आधीपर्यंत त्याला ग्रीक नागरिकत्व नव्हतं. भावांबरोबर रस्त्यावर घड्याळं, गॉगल्स, पर्सेस विकून घराला हातभार लावलेला. बास्केटबॉल सुरू होऊन सहाएक वर्षं झालेली. मिलवॉकीच्या त्या पहिल्या हिवाळ्यात त्याने एकदा जवळचे सगळे पैसे अथेन्सला पाठवले, टॅक्सीपुरतेही उरले नाहीत, आणि तो थंडीत स्टेडियमकडे धावत सुटला. वाटेत एका जोडप्याने ओळखून गाडीत घेतलं. हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो. मला त्यात एकटेपणा दिसतो. घरच्यांना व्हिसा मिळून ते मिलवॉकीला पोचले ते फेब्रुवारी 2014 मध्ये, म्हणजे मोसम निम्म्याहून जास्त उलटल्यावर. परक्या देशात, परक्या भाषेत, दर दोन-तीन दिवसांनी हरणाऱ्या संघात राहून हा मुलगा 77 सामने खेळला. त्या मोसमातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा हाच.

77 सामने त्याला मिळाले कसे? क्लब आता ही संयमाची आणि दूरदृष्टीची गोष्ट म्हणून सांगू शकतो, आणि ती अगदीच खोटी नाही. पण बक्सने त्या मोसमाआधी कॅरन बटलर, ओ. जे. मेयो, झाझा पाचुलिया असे अनुभवी खेळाडू आणले होते. असा संघ हरण्यासाठी बांधत नाहीत. मग दुखापती झाल्या, पराभवांची रांग लागली, आणि प्रशिक्षक लॅरी ड्र्यू यांच्याकडे तरुणांना खेळवण्यावाचून फारसा पर्याय उरला नाही. संघ जरा बरा असता, प्लेऑफच्या आठव्या जागेसाठी झगडत असता, तर एका चुकीनंतर यानिस बाकावर गेला असता आणि बराच वेळ तिथेच राहिला असता, असं मला वाटतं. त्याला सरासरी 24.6 मिनिटं मिळाली. त्यातली बरीच मिनिटं पराभवाने दिलेली होती.

म्हणून यानिस पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला त्याच ड्राफ्टमधला पहिल्या क्रमांकाचा फॉरवर्ड आठवावा लागतो. अँथनी बेनेट, टोरंटोचा, ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला पहिला कॅनेडियन. खांद्याच्या शस्त्रक्रियेमुळे त्याचा उन्हाळा वाया गेला, तो तयारीविना मोसमात उतरला, आणि पहिल्या चार सामन्यांत त्याचा एकही फटका बास्केटमध्ये गेला नाही. त्याला निवडणाऱ्या क्लीव्हलंडला त्या वर्षी जिंकायचंच होतं. मोसम संपायच्या आत त्यांचे महाव्यवस्थापक गेले, संपल्यावर प्रशिक्षक गेले. अशा ठिकाणी शिकाऊ खेळाडूला चुका करायला जागा कुठून असणार? बेनेटला 52 सामन्यांत सरासरी 12.8 मिनिटं मिळाली, 4.2 गुण झाले, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये केव्हिन लव्हच्या बदल्यात त्याला मिनेसोटाला पाठवण्यात आलं. चार वर्षांत चार क्लब, आणि एनबीए संपली.

बेनेटला मिलवॉकीची मिनिटं मिळाली असती तर तो यानिस झाला असता, असं मी म्हणत नाही. मिनिटं तर कार्टर-विल्यम्सलाही भरपूर मिळाली होती. यानिसची भूक, शिकण्याची गती, वाढत गेलेलं शरीर या गोष्टी त्याच्याच होत्या, त्या कोणी उसन्या दिल्या नव्हत्या. पण त्या दिसायला तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत त्याचं काम दोनदा बदललं. 2015 च्या फेब्रुवारीत बक्सने कार्टर-विल्यम्सलाच पॉइंट गार्ड म्हणून आणलं होतं. वर्षभराने त्याची जागा डळमळली, किड यांनी चेंडू वर आणण्याचं काम यानिसवर सोपवलं, आणि मग खुब्याच्या दुखापतीने कार्टर-विल्यम्सचा मोसमही संपला. मोसमाच्या त्या शेवटच्या टप्प्यात यानिसमध्ये जो खेळाडू दिसला त्याचा 6.8 गुणांच्या तक्त्यात मागमूस नाही.

माझी तक्रार निकाल लावण्याच्या घाईबद्दल आहे. नवोदिताच्या पहिल्या वीस सामन्यांवर 'गुणवत्ता ओसंडते आहे' किंवा 'निवड फसली' असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का मग क्लबच्या निर्णयात उतरतो, कारण अधिकाऱ्यांनाही आपली नोकरी त्याच शिक्क्यावर राखायची असते. पहिल्या मोसमात पाहावं ते हे: मुलाला कोणतं काम दिलं आहे, तो त्यात कुठे चुकतो, आणि जानेवारीत त्याची चूक नोव्हेंबरमधलीच आहे की नवी. नवी असेल तर तो काहीतरी जास्त अवघड करू पाहतो आहे. हे पाहायला त्याला मैदानावर ठेवावं लागतं, आणि जिथे सर्वांना या मोसमातच जिंकायचं असतं तिथे ते परवडत नाही. बेनेट क्लीव्हलंड सोडून गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. यानिस एकवीस वर्षांचा असताना त्याच्या हाती नुकता कुठे चेंडू दिला गेला होता.