पप्पांना दाखवू?

केतकी अर्धी भाकरी टाकून उठते, हे आधी आत्याच्या लक्षात आलं. फोन थरथरला की पोरगी ओसरीवर पळायची. एवढ्या घाईनं बोलायला गेलेली मुलगी हसत परत यावी. ही यायची ती तोंड उतरवून.

ओंकार बारावीतला. सुरुवात गोडच होती. उंब्रजहून एसटी मिळाली का, कराड स्टँडला उतरलीस का, असं तो विचारायचा तेव्हा तिला भारी वाटायचं. मग म्हणाला, लाइव्ह लोकेशन चालू ठेव. मग इन्स्टाचा पासवर्ड मागितला. मग विद्यानगरच्या क्लासमध्ये शेजारी कोण बसतं, ते व्हिडिओ कॉलवर दाखव. मैत्रिणी एकेक करून सुटत गेल्या. रिप्लायला उशीर झाला म्हणून एकदा त्यानं स्टँडवरच तिचं मनगट पिरगाळलं आणि दुसऱ्या दिवशी रडत रडत चॉकलेट आणून दिलं. मला विचाराल तर त्या चॉकलेटनं मनगटापेक्षा जास्त नुकसान केलं. चूक आपलीच होती, हे केतकीला तिथपासून पटायला लागलं.

शेवटी ती 'पुरे' म्हणाली, तेव्हा तिनंच कधीकाळी विश्वासानं पाठवलेला एक फोटो त्यानं तिला परत पाठवला. खाली दोनच शब्द : 'पप्पांना दाखवू?'

'कोण आहे तो' असं आत्यानं विचारलंच नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात ही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालते, ते तिनं पाहिलं होतं. भांडी विसळताना एवढंच म्हणाली, "हळद लावलीस का गं मनगटाला?" त्यावर केतकीचा बांध फुटला.

भावाला सांगणं जास्त अवघड होतं. पप्पा ताडकन उठले. "कॉलेज बंद. फोन आण इकडं."

"दादा, तो पोरगा ह्याच्याच तर भरवशावर बसलाय," आत्या म्हणाली. "तू तिच्यावर भडकणार, हे त्याला पक्कं माहितीये. म्हणून तर ती गप्प राहिली."

पप्पा खाली बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी केतकीला हाक मारली. "फोन तुझ्याकडंच राहू दे. पप्पांना सगळं ठाऊक आहे, एवढं कळव त्याला. पुढचं आम्ही बघतो."

चॅट पुसू नका, हे आत्याला १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन केल्यावर कळलं. तक्रार दिल्यावर जबाब घ्यायला महिला पोलीस अधिकारी घरी आल्या, त्याही साध्या कपड्यांत. २०१२चा पॉक्सो कायदाच तसं सांगतो, आणि मुलीचं नाव बाहेर फोडायलाही मनाई करतो. पप्पांना यातलं काहीच माहीत नव्हतं. गावात बोभाटा होईल, याच धास्तीनं ते अर्धे झाले होते. ओंकारही सतराचाच, त्यामुळे प्रकरण बाल न्याय मंडळापुढं गेलं. त्याची आई दारात येऊन म्हणाली, "जीव लावतो हो तो तिला." आत्यानं पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्हालाही कुणी असाच जीव लावला होता का?" बाई पाणी न पिताच उठल्या.

दिवाळीनंतर कॉलेज सुरू झालं त्या सकाळी पप्पा चप्पल चढवता चढवता म्हणाले, "तेवढं लोकेशन चालू ठेव माझ्यासाठी. काळजी वाटते."

"नको पप्पा. पोचले की फोन करते."

ते काहीतरी बोलणार होते, पण आत्यानं आतून डोळे वटारले.

"बरं," ते म्हणाले, "पण कर."