एकरी भाव आणि जमिनीची तब्येत

जासईच्या दास्तान फाट्यावर उभं राहिलं की माती शोधावी लागते. डोळ्यांत भरते ती कंटेनरची रांग. चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू हाकेच्या अंतरावर. इथं जमिनीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : भाव काय चाललाय? या प्रश्नाला नाकं मुरडण्याचा अधिकार कुणालाच नाही, कारण त्यासाठी इथं माणसांनी गोळ्या झेलल्या आहेत. पण त्याच्याही आधी या पट्ट्यात दुसराच प्रश्न रोजचा होता : जमिनीची तब्येत कशी आहे? तो मागे कसा पडला आणि आज ‘पुनरुज्जीवन शेती’ हे नाव घेऊन परत का आला, हे पाहण्यासारखं आहे.

उरण-पनवेलची खारजमीन कुणाला आयती मिळालेली नाही. ती खाडीकडून घेतलेली. मातीचा बांध घालायचा, त्यात उघाडी बसवायची. भरतीला झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतलं पावसाचं पाणी खार घेऊन बाहेर पडतं. खार उतरला की मोड आलेलं भाताचं बी, म्हणजे रहू, चिखलात फेकायचं. त्यासाठी खार सोसणारा रत्त्यासारखा तांबडा भात. उन्हाळ्यात उघडी जमीन तापली की ओलाव्याबरोबर मीठ वर चढतं आणि ढेकळांवर पांढरी खपली धरते. उधाणात बांधाला खांड पडली तर ओहोटी लागताच सगळ्यांनी कमरेइतक्या चिखलात उतरायचं. गोळे हातोहात पुढे सरकायचे, पुढच्या भरतीच्या आत खांड बुजवायची. उशीर झाला तर एकाचं नव्हे, सगळ्यांचं शेत पुढची काही वर्षं गेलं. इथं जमिनीची तब्येत ही खाजगी बाब कधीच नव्हती.

याच गोष्टीला घाटावर शब्द दिले ते जोतीराव फुल्यांनी. १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारी पट्टी आणि भटशाहीइतकंच मातीबद्दलही लिहिलेलं आहे. डोंगरावरचा पालापाचोळा, जनावरांचं शेण पावसाबरोबर शेतात उतरायचं. जंगलं बंद झाली, जमिनीचा खुराक तुटला, उरलेली माती वाहून चालली. उपाय म्हणून ते ताली-बंधारे घालायला सांगतात, त्या कामावर सरकारच्या लष्कराला आणि पोलिसांना लावा म्हणतात. पुढे १९२४ पासून इंदूरला काम करणाऱ्या अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा आणि शेण कुजवण्याची पद्धत बसवली, आणि १९४०च्या पुस्तकात शेतकऱ्यालाच आपला गुरू मानलं. फुल्यांचा मुद्दा मात्र एक पाऊल पुढचा होता : ज्याची पट्टीतच दमछाक होते तो माती सांभाळणार कशी?

म्हणून पुढची काही दशकं प्रश्न मालकीचा झाला. तो होणं भागच होतं. २७ ऑक्टोबर १९३३ला अलिबागजवळच्या चरीत कुळांनी ठरवलं की सावकाराची जमीन कसायचीच नाही. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत चालला. खोतीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९३७ला मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, कुळकायदे झाले. दुसऱ्याच्या जमिनीत शेणखत कोण ओतेल? मातीच्या आरोग्याची पहिली अट तेव्हाच लिहिली गेली.

जासईत मात्र कूळ मालक होऊन स्थिरावतंय तोवर १९७० साल उजाडलं. सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी नेमली गेली. जासईचेच दि. बा. पाटील या जमिनींसाठीच्या लढ्याच्या पुढे उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला दास्तान फाटा आणि नवघर इथं गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. त्याचा अर्थ फक्त वाढीव मोबदला असा लावला जातो. मला त्यात आणखी काही दिसतं : जमीन घेतली गेली म्हणून तिच्याशी नातं संपत नाही, ती पुढे जे देईल त्यात कसणाऱ्याचा वाटा राहतो. पण तो वाटा भूखंडात मोजला गेला, मातीत नाही. साहजिकच होतं. जी जमीन कधीही जाणार, तिच्या बांधावर कोण घाम गाळणार? खांडी तशाच राहिल्या, खारं पाणी आत आलं, आणि मग ‘पडीक’ हा शिक्का मारणं सोपं गेलं.

त्याच काळात इतरत्र विचार उलट्या दिशेनं चालला होता. रासायनिक खतांनी वाढलेलं उत्पन्न ओसरायला लागल्यावर कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर सूक्ष्मजीवशास्त्राच्या पुस्तकांकडे वळले. त्यांच्या हाती लागलं ते असं की पिकाची मुळं आणि बुडखे जागेवरच कुजू द्यावेत. नांगर घातला की हेच मोडतं. पुढे इकडे रायगडात, नेरळच्या सगुणाबागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताला तेच तत्त्व लावलं. राब जाळायचा नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. एकदा केलेले गादीवाफे मोडायचे नाहीत. या तंत्रात तणनाशक वापरतात, त्याला सेंद्रिय शेतीवाल्यांचा आक्षेप आहे आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. शिवाय खार धुवायला साचलेलं पाणी लागतं, त्यामुळे नेरळचे वाफे जासईच्या खाचरात जसेच्या तसे चालतील असं नाही. पण उन्हाळ्यात जमीन काडाने झाकली तर मीठ कमी चढतं, एवढं तत्त्व इथंही लागू पडतं.

साधा प्रयोग करून बघा. दरवर्षी नांगरलेल्या शेतातलं एक वाळकं ढेकूळ आणि मुळं राखलेल्या शेतातलं एक, पाण्याच्या दोन पेल्यांत सोडा. पहिलं बहुधा बघता बघता विरघळून पाणी गढूळ करतं, दुसरं बराच वेळ धरून राहतं. मुळांनी आणि जिवाणूंनी कणांना चिकटवलेलं असतं. ते चिकटणं एका हंगामात होत नाही.

सगळं अडतं ते इथंच. फुले, चरी, दि. बा. आणि चिपळूणकर हे वेगवेगळे धडे वाटतात, पण धागा एकच : जमिनीची तब्येत कसणाऱ्याच्या उद्यावर उभी असते. पुढच्या वर्षी आपणच पेरणार ही खात्री नसेल तर मुळं कुणी जपत नाही. आज परिषदांमधून मुळं जपणारी ही ‘पुनरुज्जीवन शेती’ कर्बाचा हिशेब म्हणून मांडली जाते. हिशेब व्हावा, पण आधी शाश्वती द्या. जी खाचरं विकास आराखड्यात गेलेली नाहीत, ती शेती म्हणूनच राहतील असं स्पष्ट सांगा. बांध-उघाडीच्या दुरुस्तीत गावाला कामही द्या आणि अधिकारही. तोवर उरलेल्या बांधांच्या खांडी पावसाआधी बुजवणं आपल्या हातात आहे. उधाणाचं पाणी सातबारा बघून आत शिरत नाही.